हिऱ्याचा उगम विचारतात, माशाचा का नाही?

१ मार्च २०२४ पासून जी-७ देशांनी एक कॅरट आणि त्याहून मोठ्या रशियन हिऱ्यांना आपली बाजारपेठ बंद केली, मग त्यांना पैलू कुठल्याही देशात पडलेले असोत. सुरतेतल्या वराछा-कतारगामच्या हिरे व्यापाऱ्यांना यातला त्रास नवा असेल, तत्त्व नवे नव्हते. घंटीवर हिरा कितीही चोख घासला तरी रफ कुठल्या खाणीतून आली हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. २००३ पासून किंबर्ली प्रक्रियेच्या प्रमाणपत्राशिवाय कच्चा हिरा कायदेशीर मार्गाने सीमा ओलांडू शकत नाही. प्रयोगशाळेत घडवलेला हिरा आणि खाणीतला हिरा यांची पाकिटे वेगळी ठेवायची, बिलावर तसे लिहायचे, ही सवयही या शहराच्या अंगवळणी पडली आहे. म्हणून सुरतेकडून एक अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. दिवाणखान्यात, दवाखान्यात किंवा शोरूममध्ये खाऱ्या पाण्याच्या टाकीत जो निळा-पिवळा मासा फिरतो, तो कुठून आला हेही इथल्या गिऱ्हाइकाने विचारावे. प्रवाळावर राहणाऱ्या माशांच्या बाबतीत हा प्रश्न हौशी नैतिकतेचा नाही. त्यांची शरीररचना आणि जीवनक्रम पाहिला की तो आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळत नाही तोवर विकत घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा असे माझे मत आहे.

सुरतेच्या समुद्रात प्रवाळ नाही. का नाही, यातच अर्धा विषय आला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि साबरमती, मही, नर्मदा, तापी यांनी आणलेला गाळ त्या ओढीत सतत ढवळत राहतो. मुलताईहून निघालेली तापी खानदेशची काळी माती घेऊन डुमसजवळ समुद्राला मिळते; उकाई धरणाने त्यातला बराच गाळ अडवला, तरी आखात गढूळच राहिले. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, आणि ऊन नसेल तर पोवळ्याच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल जगत नाही. इथले जीव या गाळाशी जुळवून घेतलेले आहेत. निवटीच पाहा, जिला सुरतेकडे लेवटी म्हणतात. कल्ल्यांच्या कप्प्यांत पाणी धरून, ओल्या कातडीतून श्वास घेत ती ओहोटीच्या चिखलावर वावरते, आणि माथ्यावर बसवलेल्या डोळ्यांनी चौफेर पाहते. जुळवून घेण्याच्या कसोटीवर ती कुठल्याही प्रवाळ माशाच्या तोडीची आहे. पण तिला काचेत कोणी ठेवत नाही. ती कालवणात जाते.

आपल्या डोळ्यांना भुलवणारे रंग स्वच्छ, उजेडाच्या पाण्यातच उपयोगी पडतात. ते पाणी सुरतेपासून फार दूर आहे असेही नाही. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जामनगर-ओखाच्या पट्ट्यात, १९८२ मध्ये देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. नराराला ओहोटीच्या वेळी माणूस पायी प्रवाळ पाहू शकतो. मराठी मुलखात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्र्यांचे नाव लावणारा पाण्याखालचा उंचवटा, आंग्रिया बँक, आजही प्रवाळाने भरलेला आहे. अशा ठिकाणी रंग काम करतात. ते कोणते काम करतात यावर वाद बराच आहे. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनरॅड लॉरेन्झ यांचा तर्क होता की हे भडक रंग आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्यासाठी लावलेले फलक आहेत: ही जागा माझी, पुढे जा. पुढे ऑस्ट्रेलियातले संशोधक जस्टिन मार्शल यांनी प्रश्न उलटा केला. माशांची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नसते, आणि निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या थोड्या अंतरावरून एकमेकींत विरघळून पाण्याच्या रंगाशी मिळून जातात. म्हणजे तोच पोशाख जवळच्याला इशारा देतो आणि दूरच्या शिकाऱ्याला चकवतो. तांबडा रंग पाण्यात सर्वात आधी शोषला जातो, त्यामुळे रात्री हिंडणारे लालभडक मासे खोलात काळसर दिसतात. टाकीच्या पांढऱ्या दिव्याखाली जे आपण पाहतो ते त्या माशाने कधी कोणाला दाखवायचे ठरवलेलेच नव्हते.

रंगापेक्षा महत्त्वाची आहेत नाती. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहे, तरी समुद्रातल्या ज्ञात जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर त्याच्या आधाराने जगतो. एकट्या माशांच्याच चार हजारांहून अधिक जाती तिथे आहेत. इतकी गर्दी मावते कारण प्रत्येकाने आपले काम बारीक करून घेतले आहे. फुलपाखरू माशांतल्या काही जाती फक्त जिवंत पोवळ्याचे तोंड खुडून खातात, त्यातही एखादी ठरावीक फांद्यांच्या पोवळ्यावरच अडून बसते. ती टाकीत आणली की समोर कितीही महाग खाद्य टाका, बहुधा उपाशी मरते. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी चुना भरडतो आणि वाळू करून टाकतो. त्यातला सर्वात मोठा, डोक्यावर टेंगूळ असलेला, वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळचुना पोटातून काढतो, असे ग्रेट बॅरियर रीफवरच्या अभ्यासात दिसले. याच कुळातले काही मासे रात्री स्वतःभोवती बुळबुळीत स्रावाचा कोश विणून झोपतात, आणि २०११ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले की त्या कोशामुळे रात्रीच्या रक्तपिपासू परजीवींपासून त्यांचा बचाव होतो.

परजीवींचा विषय निघाला की क्लीनर रॅसवर थोडे थांबावेच लागते, कारण या लेखाचे म्हणणे एकाच माशातून सांगायचे तर तो हाच. बोटाएवढा, अंगावर काळा पट्टा असलेला हा मासा प्रवाळावर एक ठरावीक जागा धरून बसतो. मोठे मासे, अगदी शिकारी गोब्रेसुद्धा, तिथे येऊन तोंड उघडून थांबतात आणि हा त्यांच्या कल्ल्यांत, जबड्यात शिरून परजीवी वेचतो. एक क्लीनर दिवसाला सरासरी बाराशे परजीवी खातो, असे ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझार्ड बेटावर संशोधक अलेक्सांड्रा ग्रटर यांनी मोजले. त्याला खरे आवडते ते गिऱ्हाइकाच्या अंगावरचे श्लेष्म. पण ते चावले की गिऱ्हाईक दचकून निघून जाते, म्हणून आजूबाजूला पाहणारे असतील तेव्हा तो जास्त प्रामाणिक राहतो. त्याच्याच रूपाचा सोंगाड्या दुसरा एक मासा आहे, तो जवळ जाऊन लचका तोडतो. आता पुरावा असा की त्याच बेटाजवळच्या काही लहान प्रवाळखडकांवरून संशोधकांनी साडेआठ वर्षे क्लीनर सतत काढून टाकले आणि शेजारच्या खडकांवर राहू दिले. क्लीनर नसलेल्या खडकांवर स्थानिक माशांची संख्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली, जाती कमी झाल्या, आणि उरलेल्यांतले काही मासे आकारानेही खुजे राहिले. बोटाएवढ्या एका माशाच्या जाण्याने एवढे झाले. जागतिक व्यापारात हाच मासा हौशी मंडळींना ‘टाकी साफ ठेवणारा’ म्हणून विकला जातो, आणि टाकीत परजीवी नसल्यामुळे तो तिथे खंगतो.

लहान माशांना कमी लेखू नये याचा आणखी एक दाखला २०१९ मध्ये मिळाला. प्रवाळाच्या फटींत दडून राहणारे, दोन-चार सेंटिमीटरचे गोबी आणि ब्लेनी सहसा गणतीतही येत नाहीत. पण प्रवाळावर जेवढे माशांचे मांस खाल्ले जाते त्यातले सुमारे साठ टक्के याच बारक्यांचे असते, असे त्या वर्षी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यांतली एक गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगते. एवढ्यात मोठी होते, अंडी घालते, संपते, आणि तिची पुढची पिढी तिची जागा घेते. दिसायला भरलेले दुकान आणि रोज माल येणारे दुकान यात जो फरक आहे, तोच इथे आहे: प्रवाळाची श्रीमंती एका वेळी दिसणाऱ्या माशांपेक्षा त्यांच्या वेगाने होणाऱ्या भरपाईत आहे.

भरपाई कशी होते यावरच कोणता मासा टाकीसाठी घ्यावा आणि कोणता नाही हे ठरते, आणि इथे विज्ञान गिऱ्हाइकाला सरळ उत्तर देते. बहुतेक प्रवाळ मासे अंडी उघड्या पाण्यात सोडतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतकी बारीक असतात, आठवडेच्या आठवडे प्रवाहात वाहत राहतात आणि त्या काळात त्यांना अतिसूक्ष्म जिवंत अन्नच लागते. ‘डोरी’ म्हणून मुलांना माहीत असलेला निळा टँग असाच. तो प्रयोगशाळेत वाढवणे फ्लोरिडा विद्यापीठाला पहिल्यांदा जमले ते २०१६ मध्ये, म्हणजे त्याआधी जगभर विकला गेलेला हा मासा समुद्रातूनच आलेला होता. याउलट निमो, म्हणजे विदूषक मासा, समुद्रफुलाच्या बुडाशी खडकावर अंडी चिकटवतो, नर त्यांना आपल्या परांनी वारा घालतो, आणि पिल्ले आठ-बारा दिवसांतच तळाशी बसण्याजोगी होतात. म्हणून तो माणसाच्या हातून वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे त्याचे तंत्र बसवले. महाराष्ट्रात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने त्याची बीजनिर्मिती सुरू केली. बंगाई कार्डिनलची गोष्ट तिसरीच. इंडोनेशियातल्या बंगाई बेटांपुरता राहणारा हा मासा १९२० मध्ये गोळा झाला, मग विसरला गेला, आणि १९९४ मध्ये पुन्हा हाती लागला. नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो आणि पुरती वाढलेली पिल्लेच बाहेर सोडतो. त्यामुळे ती वाहून कुठे जात नाहीत, आणि एका खाडीतले मासे उचलले की दुसरीकडून नवे येत नाहीत. व्यापाराने इतके उचलले की २००७ मध्ये त्याची नोंद धोक्यातल्या जातींत झाली. गंमत अशी की तोंडात पिल्ले वाढवण्याच्या याच सवयीमुळे तो टाकीतही सहज वाढतो. त्याला समुद्रातून पकडायचे कारणच नव्हते.

जगातल्या सागरी शोभिवंत माशांच्या व्यापाराचा सर्वात जास्त उल्लेखला जाणारा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालातला आहे: १,४७१ जाती आणि वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख मासे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत वाढवलेले असतात, खाऱ्या पाण्यातले बहुतेक समुद्रातून पकडलेले. दुकानात मात्र दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच पिशवीत मिळतात. आपला कायदाही हा फरक ओळखत नाही. २००१ मध्ये प्रवाळाला आणि समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण मोजके अपवाद सोडले तर त्या प्रवाळावर जगणाऱ्या माशांना नाही. २०१७ मध्ये केंद्राने शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि १५८ जातींच्या विक्री-प्रदर्शनावर सरसकट बंदी घातली. त्यात विदूषक मासाही होता, म्हणजे आपल्याच सरकारी संस्थांनी वाढवायला शिकवलेला मासा विकणे गुन्हा ठरत होते. पुढे ते नियम मागे घेतले गेले, आणि जे झाले ते बरेच झाले. बंदी घालताना उगम पाहिला नाही आणि मागे घेतानाही पाहिला नाही.

सुरतेसाठी सूचना त्यामुळे छोटी आहे. दुकानदाराने प्रत्येक सागरी माशाच्या टाकीवर आणि पक्क्या बिलावर एक रकाना ठेवावा: वाढवलेला की पकडलेला, पकडलेला असेल तर कुठला आणि जाळ्याने की कसा. फिलिपाइन्स-इंडोनेशियात दशकानुदशके सायनाइड फवारून मासे गुंगवले गेले आहेत, त्यात मासा वाचला तरी आजूबाजूचे पोवळे मरते. म्हणून ‘कसा’ हाही प्रश्न. महानगरपालिकेचे पाल येथील जगदीशचंद्र बोस मत्स्यालय याची सुरुवात करू शकते, कारण मासे कुठून घ्यायचे हे तिथे निविदेच्या अटींनीच ठरवता येते.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. मासे पकडणारे लोक दूरच्या बेटांवरचे गरीब लोक आहेत. त्यांचा माल सुरतेसारख्या शहरांनी नाकारला तर ते प्रवाळ राखण्याऐवजी त्यावर सुरुंग लावून खाण्याचे मासे मारतील. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मला पूर्णपणे खोडता येत नाही. सगळे उत्पादन शहरांजवळच्या बीजकेंद्रांत गेले तर नफा तिकडे सरकतो, बेटावर काही उरत नाही. पण म्हणूनच ‘पकडलेला’ हा शिक्का बंदीचा नसावा. जाळ्याने, ओळखीच्या बेटावरून, भरपाई होणाऱ्या जातीचा मासा जास्त दाम घेऊन यावा. आज प्रामाणिक कोळी आणि सायनाइडवाला यांना एकच भाव मिळतो, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. आणि भारतापुरते बोलायचे तर लक्षद्वीपच्या अगत्तीवर महिलांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवण्याचे काम राष्ट्रीय मत्स्य जनुकसंपदा ब्यूरोने केले आहे. बीजनिर्मिती किनाऱ्यावरच्या लोकांच्या हातात ठेवता येते.

दुसरा आक्षेप असा की समुद्र तापतो आहे, तिथे टाकीतल्या चार माशांचा हिशोब कसला? नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या दीर्घ अभ्यासात लक्षद्वीपच्या तीन प्रवाळबेटांवरचे जिवंत प्रवाळाचे आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २० टक्क्यांच्या खाली आले. तो घसारा उष्णतेच्या लाटांनी केला, मत्स्यालयांनी नव्हे. हे मान्य. पण त्याच बेटांनी १९९८ नंतर काही काळ जी उभारी धरली ती का, तेही पाहिले पाहिजे. तिथले मच्छीमार गळ-काठीने खोल समुद्रातला ट्यूना धरत होते आणि प्रवाळावरचे शैवालखाऊ मासे जागेवर राहिले. त्यांनी मेलेल्या पोवळ्यावरचे शेवाळ खाऊन नव्या पोवळ्याला जागा मोकळी ठेवली. कॅरिबियनमध्ये, जमैकाच्या किनाऱ्यावर, उलटे घडले. आधीच मासे संपत आलेले, त्यात १९८३-८४ च्या रोगाने शैवाल खाणारे समुद्री साळिंदरही मेले, आणि प्रवाळाच्या जागी शेवाळाचे रान माजले. उन्हाळा आपल्या हातात नसेल, तर त्यातून सावरण्याची ताकद ज्यांच्यामुळे टिकते ते मासे तरी का काढून घ्यावेत?

तिसरा मुद्दा मुलांचा. गढूळ समुद्राच्या शहरातल्या मुलाने प्रवाळ पाहायचा कुठे, आणि पाहिल्याशिवाय त्याला जिव्हाळा वाटणार कसा? सार्वजनिक मत्स्यालयासाठी हा युक्तिवाद बरोबर आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. घरोघरच्या टाकीला तो तितका लागू नाही. ‘फाइंडिंग निमो’ २००३ मध्ये आल्यावर मुलांच्या हट्टाने विदूषक माशांचा उपसा वाढला असे सर्रास सांगितले जाते. नंतरच्या संशोधनाला त्याचा ठोस पुरावा सापडला नाही, म्हणून मी त्याच्या आधाराने काही म्हणत नाही. एवढे मात्र खरे की चित्रपटाने या माशाची सर्वात विलक्षण गोष्ट लपवली. विदूषक माशांच्या कुटुंबात मादी मेली की मोठा नर स्वतःच मादी होतो. म्हणजे निमोची आई गेल्यावर त्याचा बाप त्याची आई झाला असता. हे काचेपाशी लिहून ठेवले तर पाटी वाचायला मुले थांबतील.

उरतो तो खोट्या शिक्क्याचा प्रश्न. पकडलेला मासा ‘वाढवलेला’ म्हणून विकला जाईलच. किंबर्लीची प्रमाणपत्रेही काही ठिकाणी खोटी निघाली, आणि तिची व्याख्या अपुरी असल्याची टीका आजही होते. पण खाणीतला आणि प्रयोगशाळेतला हिरा डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही म्हणून सुरतेने भेद करणे सोडले नाही; तपासणी यंत्रे आणली आणि घोषणेची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली. माशांत तर बरेच काम सोपे आहे, कारण जिवंत पोवळेच खाणारा फुलपाखरू मासा आणि टँगांपैकी बहुतेक जाती आजघडीला नियमित प्रमाणात वाढवल्याच जात नाहीत. त्यांच्यापुढे ‘वाढवलेला’ लिहिले असेल तर बिल मागील दुकानदारापर्यंत तपासायला घ्यावे. पालच्या मत्स्यालयाने पुढच्या खरेदीत एवढे करावे: विदूषक आणि बंगाई कार्डिनल भारतीय किंवा नोंदणीकृत बीजकेंद्रातूनच घ्यावेत, जिवंत पोवळेच खाणारे फुलपाखरू मासे आणि क्लीनर रॅस यादीतून काढावेत, आणि रिकाम्या झालेल्या एका टाकीत तापीच्या मुखावरचा चिखल भरून त्यात लेवटी सोडावी.